दोघांच्या सह्यांनिशी

४ फेब्रुवारी

टिल्लू,

सुट्टी क्लबचं पाकीट आलं. वर तोच टोपीवाला पाणघोडा, आत तेच 'प्रिय मौजमित्रांनो'. यंदाचे एकशे वीस पॉइंट जमा झालेत. मागच्या वर्षीचे चौदा शिल्लक आहेत, ते जूनच्या आत वापरले नाहीत तर बुडतील. चौदा पॉइंटांत काय मिळतं ते मी पुस्तिकेत शोधलं. आठवड्याच्या मधल्या वारी, गर्दी नसताना, खिडकी नसलेल्या खोलीत एक रात्र. तिथे एकमेकांचं तोंड बघायचं तरी दिवा लावावा लागेल.

बुकिंगचा फॉर्म सोबत आहे. मी सही केली आहे, तू तुझी कर आणि नेहमीसारखा परस्पर क्लबला धाड. मे महिन्यातला दुसरा आठवडा टाकलाय. तुझे भावोजी येणार नाहीत, त्यांच्या ड्रायव्हिंग स्कूलमध्ये त्या दिवसांत शिकाऊंची झुंबड असते. म्हणजे नेहमीसारखे आपण दोघंच.

बाबांनी फुकट जेवणाच्या मोहाने त्या मौजनगरीच्या सभागृहात पाऊल टाकलं, त्याला जूनमध्ये पंधरा वर्षं होतील. जेवण अळणी होतं हे ते शेवटपर्यंत सांगायचे, पण सही केल्याचा पस्तावा कधी बोलून दाखवला नाही. 'मुख्य सभासद कोण?' असं त्या विक्रेत्या मुलीने विचारलं, तर म्हणाले, 'माझी दोन्ही मुलं. आणि दोघांच्या सह्या असल्याशिवाय काही होता कामा नये, असं लिहा.' ती बिचारी म्हणाली, काका, त्याने उलट अडचण होते. बाबा म्हणाले, तीच तर हवी आहे. तू एका गावात, मी दुसऱ्या, आणि फोनवर बोलायला लागलो की तिसऱ्या मिनिटाला भांडण. सहीच्या निमित्ताने वर्षातून दोन-चार पत्रं होतील आणि एक आठवडा एका छपराखाली निघेल, एवढाच त्यांचा बेत होता. त्यांना जाऊन चार वर्षं झाली, पण त्यांचा बेत अजून चालू आहे.

पाकिटात आणखी एक कागद होता, तुलाही आला असेल. पंधरा वर्षं पूर्ण होणाऱ्या जुन्या सभासदांना सभासदत्व परत करायची मुभा, दोन्ही सह्यांनिशी, तीस एप्रिलच्या आत. नाही केलं तर आपोआप आणखी वीस वर्षं, आणि मधे आपण गेलो तर वारसाच्या नावावर, म्हणजे माझ्या चिरंजीवाच्या गळ्यात. मी आपला वाचला आणि ठेवून दिला. मला काय, तू म्हणशील तसं.

हॉस्पिटलच्या लाँड्रीत नवा ड्रायर आलाय. त्याच्या आवाजात मला माझंच बोलणं ऐकू येत नाही, त्यामुळे सगळे खूश आहेत.

तुझी ताई


१७ फेब्रुवारी

ताई,

फॉर्म मिळाला. सही केली, क्लबला धाडला.

तो दुसरा कागद मलाही आला. वाचला आणि किटलीखाली ठेवला, टेबलाचा रंग जायला लागला होता. परत-बिरत काही करायचं नाही. तू त्या जागेत किती रमतेस ते मी पंधरा वर्षं बघतोय. मोठ्या पाळण्यात बसलीस की वरून शाळकरी पोरीसारखी हात हलवतेस. निघताना दर वेळी फोटो विकत घेतेस. तुझ्यासाठी एवढं चालू ठेवायला माझं काय जातंय? एकट्या माणसाला तसाही कुठे खर्च असतो.

यंदा पाणघोड्याच्या तळ्याकडची खोली मागितली आहे. सहा पॉइंट जास्त पडतात, पण तुला सकाळी उठल्या उठल्या तळं दिसेल.

इथे काम भरपूर. एका सात मजली प्रसूतिगृहाची लिफ्ट पाचव्या मजल्यावर थांबतच नव्हती, चौथ्यावरून थेट सहाव्यावर. पाचव्यावर फक्त कार्यालय आहे म्हणून चार महिने कुणी तक्रारही केली नाही. कार्यालयातल्या लोकांना वाटलं, आपल्याला जिना चढायला लावायचा वरून हुकूम असेल. बाबा असते तर हे वर्षभर सांगत फिरले असते.

लांब डोंगरावर एक आरोग्यधाम उभं राहतंय, तिथे दोन लिफ्ट बसवायच्या आहेत. मालक कुणाला पिटाळतो बघू.

भावोजींना विचारलं म्हणून सांग.

टिल्लू


२ मार्च

टिल्लू,

तुझं पत्र वाचून मी कपाळावर हात मारून घेतला. पाणघोड्याच्या तळ्याकडची खोली. तीही माझ्यासाठी.

आता ऐक. मी पंधरा वर्षं मूग गिळून बसले होते, आज सांगून टाकते. मला ती जागा अजिबात आवडत नाही. पाळण्यातून हात हलवते ते तू खाली मान वर करून उभा असतोस म्हणून. फोटो विकत घेते कारण तुझा एरवी एकही फोटो माझ्याकडे नसतो, त्यात तरी कोपऱ्यात तू सापडतोस. तो पाणघोडा दोन्ही हात पसरून मिठी मारायला आला की मी खांबामागे जाते. मागच्या वर्षी तिथेही त्याने मला गाठलं. आत कोण आहे माहीत नाही आणि आपण त्याच्या पोटाला चिकटलेलो, हे या वयात शोभतं का?

आणि चादरी. मी वर्षभर दिवसाला अकराशे चादरी डोळ्यांखालून घालते. सुट्टीच्या खोलीचं दार उघडलं की लोकांचं लक्ष खिडकीकडे जातं, माझं पलंगाकडे. कोपरे कसेबसे खोचलेले, अभ्र्यावर इस्त्रीचा पिवळा डाग, चादर आखूड. तू खाली लिफ्ट बघायला गेलास की मी दोन्ही खोल्यांचे पलंग उसकटते आणि पुन्हा घालते. तू दर वर्षी म्हणतोस, इथे झोप कशी छान लागते. लागणारच, गादी मी घातलेली असते. आठवडा संपवून घरी येते तेव्हा मला सुट्टीची गरज असते.

मग इतकी वर्षं बोलले का नाही? कारण तू आनंदात दिसायचास. मी दिलेली ती कानवाली टोपी घालून स्टेशनवर उतरायचास. आणि खरं कारण सांगू? हा क्लब गेला तर तू मला वर्षातून एकदाही दिसणार नाहीस, याची मला भीती वाटते. माझ्या घरी तू येत नाहीस. मी बोलावते, तू काहीतरी काम काढतोस. तुला माझं घर आवडत नाही हे मला कळतं, मी विचारत नाही. त्या एका आठवड्यापायी मी पाणघोड्याच्या मिठ्या सोसल्या.

पण आता टाचा दुखतात, आणि पुढची वीस वर्षं हे जमायचं नाही. पोराच्या गळ्यात तर हे मुळीच घालायचं नाही. सोबत परतीचा फॉर्म आहे, माझी सही केलेली. पटत असेल तर सही करून परस्पर क्लबला धाड. नसेल तर फाडून टाक, मी पुन्हा नाव काढणार नाही. फक्त रागावू नकोस, आणि दोन ओळी लिही.

ताई


२१ मार्च

टिल्लू,

तुझं पाकीट मिळालं. आत फॉर्म, फॉर्मवर तुझी सही, आणि बाकी काही नाही. मी पाकीट उलटं करून झटकलं. तुझ्या भावोजींनी ते दिव्यासमोर धरून पाहिलं. एक चिठोरंसुद्धा नाही.

फॉर्म परस्पर क्लबला धाड म्हणून मी लिहिलं होतं. तो तू मला धाडलास. म्हणजे, घे तुझा कागद, असंच ना? तोंडात मारल्यासारखं झालं मला. भांडला असतास तर बरं वाटलं असतं. भांडण आपल्याला जमतं. हे गप्प बसणं तू कधी शिकलास?

फोन केला, लागत नाही. सकाळी केला, संध्याकाळी केला, रविवारीही केला. तुझे भावोजी म्हणतात, लिफ्टच्या खड्ड्यात असेल. आठ दिवस कुणी खड्ड्यात राहतं का? मला वाटतं तू मुद्दाम फोन बंद ठेवलायस.

मी काय चुकीचं लिहिलं ते मी परत परत आठवतेय. बाबांनी जीव लावून ठेवलेली एकच गोष्ट मी मोडायला निघाले, असं तुला वाटलं असणार. माझ्या घराबद्दल लिहिलं तेही नको होतं. लाँड्रीत काल ऑपरेशनच्या हिरव्या चादरी आणि वॉर्डाच्या पांढऱ्या एका मशिनमध्ये गेल्या, माझ्या हातून, बावीस वर्षांत पहिल्यांदा. सगळा वॉर्ड पोपटी झालाय. पेशंट म्हणतात छान वाटतं, पण मोठ्या डॉक्टरांना नाही वाटलं.

फॉर्मवर आता दोघांच्याही सह्या आहेत. मी नुसता पेटीत टाकायचा, की संपलं. मी टाकत नाहीये. रागात केलेली सही मला नको. कपाटात माझ्या साड्यांच्या खाली ठेवलाय, आणि तिथेच राहील.

काहीतरी लिही रे.

ताई


८ एप्रिल

टिल्लू,

अजून तुझं काही नाही. बरं.

मी ठरवलं आहे. सभासदत्व राहू दे. वीस वर्षं तर वीस वर्षं. मे महिन्यात मी येते, तळ्याकडच्या खोलीत राहते, पाळण्यात बसते, पाणघोड्याला पहिली मिठी मीच मारते. माझ्या आधीच्या पत्रात लिहिलं ते एका थकलेल्या बाईचं कुरकुरणं होतं असं समज. चादरींचं काही मनावर घेऊ नकोस.

मला दुसरं कुठलंही भावंड नाही. एका आठवड्यासाठी टाचा दुखल्या तर दुखल्या. स्टेशनवर मात्र ये. तिथे तू दिसला नाहीस तर मला काय करावं सुचणार नाही.

ताई


१६ एप्रिल
मौजनगरी सुट्टी क्लब, सभासद-संपर्क विभाग

महोदया,

आपल्या बंधूंकडून दि. १४ मार्च रोजी आमच्या कार्यालयास एक पत्र प्राप्त झाले. पाकिटावर क्लबचा पत्ता व सभासद क्रमांक असल्याने आमच्या विभागाने सदर पत्र 'सभासदांचा अभिप्राय' म्हणून नोंदवले, व नियमानुसार आपल्या संयुक्त खात्यात चाळीस सद्भावना पॉइंट जमा केले.

काल फाईल बंद करताना मी ते पत्र पूर्ण वाचले. ते क्लबला लिहिलेले नाही, आपल्याला लिहिलेले आहे. सुरुवातीलाच 'ताई' असे असूनही आमच्याकडे कुणी थांबले नाही, कारण सभासद आम्हाला बरेच काही म्हणतात. दुसऱ्याचे पत्र वाचल्याबद्दल मी मनापासून क्षमा मागते.

दाखल झालेला अभिप्राय परत देण्याची तरतूद नाही. म्हणून फाईलला प्रत लावली आहे आणि मूळ पत्र सोबत पाठवत आहे. पत्रात उल्लेख केलेला परतीचा फॉर्म आमच्याकडे आलेला नाही. तो चुकून दुसऱ्या पाकिटात गेला असावा असे वाटते. मुदत तीस तारखेला संपते. टपालावर विसंबू नये, असे माझे वैयक्तिक मत आहे. आमचे कार्यालय दुसऱ्या मजल्यावर आहे, खिडकी क्रमांक चार. मी तिथे असते.

आपली,
सभासद-संपर्क सहायक


(सोबतचे पत्र)

११ मार्च

ताई,

तुझं पत्र जिन्यातच उघडलं आणि पायरीवर बसून हसत सुटलो. वरच्या मजल्यावरच्या बाई बघायला आल्या, काही झालंय का. म्हटलं, काही नाही, सुटलो.

मला ती जागा पंधरा वर्षांत एक दिवस आवडलेली नाही. मी वर्षभर यंत्रांचे आवाज ऐकतो आणि सुट्टीत तू मला यंत्रांच्या गावात नेतेस. लोक तिथे किंचाळत असतात आणि मी वंगण कुठे कमी पडलंय ते ऐकत असतो. मोठ्या पाळण्याच्या डाव्या बेअरिंगचा आवाज सात वर्षांपूर्वी मी पहिल्यांदा ऐकला. तिथल्या माणसाला सांगितलं, त्याने मला फुगा दिला. पुढच्या वर्षी ते त्यांनी बदललं, पण माझ्या कानातून काही तो आवाज गेला नाही. तू वर बसायचीस आणि मी खाली कान लावून उभा. तू हात हलवायचीस, मी हात हलवायचो आणि मनात म्हणायचो, बाई, उतर आता एकदाची. त्याला तू माझा आनंद समजलीस. टोपी घालत होतो कारण ती तू दिली होतीस. गाडी स्टेशनात शिरेपर्यंत ती खिशात असायची.

तेव्हा क्लब गेला तर जाऊ दे. बाबांनासुद्धा जागेशी देणंघेणं नव्हतं, आपल्या सह्यांशी होतं.

तुझ्या भीतीबद्दल लिहायला मला तीन संध्याकाळी लागल्या. तुझं घर मला आवडत नाही, हे तू कुठून काढलंस? बाबांच्या आजारपणात मी तुझ्याकडे सहा दिवस होतो. तू पहाटे चारला ड्यूटीवर निघायचीस, आणि मी हॉलमध्ये झोपलेला, म्हणून दिवा न लावता डबा भरायचीस. एकदा तुझा पाय स्टुलावर आपटला. तू तोंडातून आवाज काढला नाहीस, नुसती ओटा धरून उभी राहिलीस. मी जागा होतो. भाचा स्वयंपाकघरात झोपायचा, भावोजी न्हाणीघरात कपडे बदलायचे. माझ्या एकट्यापायी सगळं घर चोरपावलांनी चालत होतं. तेव्हाच ठरवलं, हिच्या घरी पुन्हा राहायचं नाही. क्लब होता म्हणून बरं होतं, कुणाला त्रास न देता तुला भेटता येत होतं. एवढ्यासाठी मीही ते सगळं सोसलं.

आता तो गेला की तुला कुठे भेटायचं, ते तूच सांग. विचारायला लाज वाटते, पण चोपन्नाव्या वर्षी नाही विचारलं तर केव्हा विचारणार? मला वर्षभर त्या आठवड्याची वाट बघायची सवय आहे. ती तळ्याची नव्हती, तुझी होती.

डोंगरावरच्या आरोग्यधामाला मालकाने मलाच पिटाळलं. उद्या पहाटेच निघायचंय, सहा-सात आठवडे लागतील. तिथे फोन लागत नाही आणि टपाल कधी येतं हे टपालवाल्यालाच ठाऊक, तेव्हा उत्तर घरच्या पत्त्यावर लिही. फॉर्म क्लबला धाडतोय आणि हे पत्र तुला. दोन्ही पाकिटांवर पत्ते घालून, तिकिटं लावून तयार ठेवलीत. तू नेहमी मला वेंधळा म्हणतेस, म्हणून सांगितलं.

टिल्लू


२० एप्रिल

वेंधळ्या,

तुझं पत्र क्लबमार्गे पोचलं. दोन पाकिटं, दोन तिकिटं, सगळं व्यवस्थित, फक्त आतला माल इकडचा तिकडे. तुझं मन उघडं करून लिहिलेलं पत्र एक महिना 'अभिप्राय' म्हणून फाईलमध्ये पडून होतं आणि त्याबद्दल त्यांनी आपल्याला चाळीस पॉइंट दिले. आणि मी इथे महिनाभर उलटं पाकीट झटकत बसले होते.

वाचून झालं तशी मी तिथेच जमिनीवर बसले. तुझे भावोजी घाबरले, त्यांना वाटलं वाईट बातमी. मी पत्रच त्यांच्या हातात दिलं. त्यांनी ते उभ्याउभ्या वाचलं, शिकाऊच्या गाडीची किल्ली घेतली आणि म्हणाले, चल.

फॉर्म साड्यांखालून काढला, रविवार कसाबसा ढकलला आणि आज सकाळी खिडकी उघडायच्या आधी मी तिथे उभी होते. खिडकी चारमागे एक चष्मेवाली तरुण बाई. माझं नाव वाचलं आणि एकदम उठून उभी राहिली. फॉर्मवर 'परत करण्याचे कारण' असा एक रकाना आहे, तो तू कोरा सोडला होतास आणि मीही. काय लिहू, असं मी तिला विचारलं. ती म्हणाली, 'काही लिहू नका. फाईलला प्रत लावलेली आहे.' मग तिने दोन्ही सह्या ताडून पाहिल्या, शिक्का मारला आणि पोचपावती माझ्या हातात दिली. सभासदत्व संपलं. मे महिन्याचं बुकिंग त्याबरोबर रद्द झालं, ते चाळीस पॉइंटही गेले. वीस वर्षं माझ्या पोराच्या मानेवर बसणारं एक जू पाच मिनिटांत उतरलं. बाहेर येऊन मी तुझ्या भावोजींसमोर फुटपाथवर रडले, आणि मग आम्ही दोघंही हसलो. माझा जीव इतका भांड्यात पडला की दुपारी ड्यूटीवर मी हिरव्या-पांढऱ्या चादरी एका नजरेत वेगळ्या केल्या.

आता तुझ्या पत्राचं उत्तर. स्टुलावर पाय आपटला तेव्हा मी ओरडले नाही, ते तू उठू नयेस म्हणून, हे खरं आहे. पण तू जागा होतास तर 'ताई, दिवा लाव' एवढं म्हणता आलं नाही? माझ्या अंगठ्याचं नख गेलं त्यात. तुझ्या समजूतदारपणापायी गेलं, हे मला आज कळलं. आणि रोज जागा होतास म्हणू नकोस, एरवी तुझं घोरणं मी डबा भरताना ऐकायची.

ते ऐकून मला किती बरं वाटायचं, हे तुला माहीत नाही. बाबा आतल्या खोलीत तसे पडलेले, मला नोकरीवर जाणं भाग, आणि हॉलमध्ये माझा भाऊ झोपलेला. तू होतास म्हणून ते सहा दिवस मी उभी राहिले. त्रास कुणाला होत होता? चोरपावलांनी आम्ही तुझ्यावरच्या प्रेमाने चालत होतो, तुला कंटाळून नाही. तू सातव्या दिवशी बॅग भरलीस तेव्हा मी पोराला म्हटलं, मामाला आपलं घर आवडलं नाही. तेच मी चार वर्षं उराशी धरून बसले.

तू विचारलंस, कुठे भेटायचं. कुठे म्हणजे काय? इथे. पोरगा नोकरीवर गेल्यापासून त्याची खोली रिकामी आहे. आता पहाटे चारला मी दिवा लावते, तोही मोठा. भांडीही आपटते. ऐकून घ्यायची तयारी ठेव.

मला लाज वाटली पाहिजे टिल्लू, तुला नाही. माझ्या भावाला माझ्या घरी यायचं का, हे विचारायला तीन संध्याकाळी लागाव्यात, असं मी काय करून ठेवलं होतं?

तुझी ताई


३ मे

ताई,

काल परत आलो. दार उघडलं तर खाली तुझी तीन पत्रं आणि क्लबचं एक. क्लबचं आधी उघडलं, त्यात 'आपल्या मौलिक अभिप्रायाबद्दल आभार आणि चाळीस पॉइंट' असं होतं. मला वाटलं, प्रसूतिगृहाच्या लिफ्टचं काहीतरी असेल. मग तुझं मार्चचं वाचलं आणि पाकिटांचा घोळ लक्षात आला. एप्रिलचं पहिलं वाचलं तेव्हा बूटसुद्धा न काढता स्टेशनवर निघालो होतो. जिन्यात तिसरं उघडलं, आणि त्याच पायरीवर पुन्हा बसलो. वरच्या बाईंनी या वेळी विचारलं नाही, त्यांनी पाणी आणून दिलं.

पोपटी वॉर्डाला मी कारण, हे वाचून वाईट वाटलं. तुझ्या नखाचंही. महिनाभर तुला असं ठेवलं, हे मला फार लागलं आहे. त्या पाकिटांच्या वेळी गाडी खाली हॉर्न वाजवत होती, पण ही काही सबब नाही.

ती पोचपावती नीट ठेव. बाबांना काय वाटलं असतं, याचा विचार मी काल रात्रभर केला. मला वाटतं ते म्हणाले असते, अडचण करून ठेवली ती कामाला आली.

पंधरा तारखेला, शुक्रवारी संध्याकाळी येतो. रविवारी दुपारच्या गाडीने निघेन, म्हणजे सोमवारी तुझ्या ड्यूटीच्या आड येणार नाही. चादर, उशी, टॉवेल मी घेऊन येतो, धुण्यात भर नको. सकाळचा नाश्ता बाहेर करीन. भाच्याच्या खोलीतलं सामान हलवू नका, मी कडेला मावतो. भावोजींनी स्टेशनवर येऊ नये, मी चालत येईन. तुला या दिवसांत अडचण असेल तर तसं कळव, मी पुढे कधीतरी येईन, काही घाई नाही.

टिल्लू


८ मे

टिल्लू,

पत्र मिळालं. 'शुक्रवारी संध्याकाळी येतो' इथपर्यंत वाचलं. त्यापुढचं मी काही वाचलेलं नाही.

ताई